वावर, पांदण, तलावाची पाळ: विदर्भात निसर्गात फिरण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनाला निवांतपणा मिळावा म्हणून रानात, टेकडीवर, पाण्याच्या काठी चालू पाहणारे लोक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. बहुतेक प्रश्न गावांतून आणि तालुक्याच्या ठिकाणांहून येतात, म्हणून उत्तरंही तिथलीच आहेत. एकाच विषयाचा धागा दोन ठिकाणी असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आम्ही तं दिवसभर वावरातच असतो. मग वेगळं फिरायला जायची गरज काय?

वावरात पाय भरपूर चालतात, पण डोळे कामावर असतात. कपाशीवर अळी दिसते का, मोटर सुरू आहे का, मजूर किती आले, तुरीला पाणी कधी द्यायचं. झाडं-पाखरं समोर असूनही मन हिशेबात अडकलेलं असतं. म्हणून कास्तकाराने फिरायला आपलं वावर निवडू नये आणि दुसऱ्याच्या वावराच्या धुऱ्यानेही जाऊ नये. शेजाऱ्याचं पीक दिसलं की तुलना आपोआप सुरू होते. गायरान, नाल्याचा काठ, तलावाची पाळ, देवळाची टेकडी अशी जागा धरा, जिथे तुमचं काहीही काम अडलेलं नाही. हातात विळा नको, खांद्यावर पंप नको. वाटेत काडी-सरपण गोळा करणंही त्या वेळेपुरतं टाळा.

२. सुरुवात कशी करू? गावाजवळ डोंगर नाही.

डोंगराची गरज नाही. घरापासून पायी दहा मिनिटांवरची एक जागा ठरवा आणि महिनाभर तीच ठेवा. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चाळीस मिनिटं: दहा मिनिटं जायला, वीस मिनिटं एका जागी बसायला, दहा मिनिटं परतायला. जागा रोज बदलली की मन नवं पाहण्यात गुंतून राहतं. तीच जागा असली की चौथ्या-पाचव्या फेरीला बारकावे दिसू लागतात: भारद्वाज कोणत्या झुडपात शिरतो, ऐनाच्या खोडावर मुंग्यांची रांग कुठून चढते. बहुतेकांचा उत्साह मोडतो तो पहिल्याच रविवारी आठ जण गाडी करून लांब गेल्यामुळे. दिवस प्रवासात, जेवणात आणि फोटोत जातो, अंग दुखतं आणि पुढची फेरी होतच नाही.

३. किती वेळ गेलं म्हणजे फरक पडतो?

२०१९ साली इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यात एकूण १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन चांगलं असल्याचं सांगण्याचं प्रमाण जास्त आढळलं. हे १२० मिनिटं एकदम घालवले की तुकड्यांत, याने फरक पडला नाही. निसर्गामुळेच बरं वाटलं की बरं वाटणारे लोक जास्त फिरतात, हे असल्या अभ्यासातून पक्कं कळत नाही. तरी आकडा हाताशी ठेवायला सोयीचा आहे, आणि प्रश्न २ मधला क्रम पाळला की तेवढा वेळ सहज भरतो.

४. चालतो, पण मन शांत होत नाही. उलट कर्ज, भांडणं, मुलांचं सगळं तेव्हाच आठवतं.

असं पुष्कळांचं होतं, आणि त्याला कारण आहे. दिवसभर कामाने दाबून ठेवलेले विचार हात रिकामे झाले की वर येतात. ते थांबवायला गेलात तर वाढतात. त्याऐवजी कानांना आणि हातांना काम द्या.

पहिली पाच मिनिटं भरभर चाला, थोडी धाप लागेल इतकं. मग वेग निम्म्यावर आणा आणि श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या: तीन पावलांत श्वास घ्या, पाच पावलांत सोडा. छातीवर ताण आला तर आकडे कमी करा. ठरलेल्या जागी पोचलात की पाठीला खोड किंवा दगड घेऊन बसा. आता सगळ्यात लांबचा आवाज शोधा, मग त्याच्या अलीकडचा, असं करत स्वतःच्या श्वासापर्यंत या. तांबटाची टुकटुक, लांबचा ट्रॅक्टर, वाळलेल्या पानावर सरड्याचे पाय, सगळं चालेल. ट्रॅक्टर आला म्हणून चिडू नका, तोही मोजा.

माणूस येऊन बसला की आसपासची पाखरं आधी गप्प होतात किंवा इशारा देऊ लागतात. दहा-पंधरा मिनिटं हलला नाहीत तर ती पुन्हा आपापल्या कामाला लागतात. बरेच जण नेमके आठव्या मिनिटाला उठतात आणि ‘काहीच दिसलं नाही’ म्हणून परततात. वीस मिनिटं बसा.

विचार फारच घट्ट धरून बसला असेल तर एक झाड हाताने पाहा. ऐनाची साल चौकोनी भेगांची, खरखरीत असते. धावड्याची फिकी, गुळगुळीत, मधूनमधून खपल्या सुटलेली. सागाचं कोवळं पान बोटांत चुरडलं की बोटं लाल होतात. एवढं पाहण्यात दोन मिनिटं जातात, आणि त्या दोन मिनिटांत कर्जाचा आकडा बहुधा मागे पडतो. परतल्यावर तो पुन्हा आठवेल, पण त्याकडे पाहताना डोकं थोडं थंड असेल.

५. फिरायला कोणता महिना चांगला?

नव्याने सुरुवात करणाऱ्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. सकाळी गारवा असतो, नाल्यांना थोडं पाणी असतं, भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांवर चक्रवाकासारखे पाहुणे पक्षी उतरलेले असतात. हे तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कोहळी समाजाने पिढ्यानपिढ्या बांधले आणि राखले. त्यांच्या पाळीवरून चालण्यासारखी सपाट, सावलीची वाट दुसरीकडे क्वचित मिळते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुलते, कुसुमाला लालभडक पालवी येते. उघडंबोडकं रान आणि त्यात मधेच पेटलेला पळस, हा आमच्या भागाचा खास मोसम आहे. तेवढ्यासाठी तरी घराबाहेर पडाच. एप्रिल-मे बहाव्याचा, पण ऊन पाहून (प्रश्न ६ आणि २०). जूनच्या तोंडावर पावशाचं ‘पेरते व्हा’ ऐकू येतं आणि पहिल्या पावसाबरोबर नवरंग पक्षी शीळ घालू लागतो. पावसाळ्यातल्या अडचणी प्रश्न १४ मध्ये आहेत. ऑक्टोबरात गवत उंच आणि ऊन जाचक, त्यामुळे तो महिना सगळ्यात अवघड.

६. किती वाजता निघावं, किती वाजता परतावं?

हिवाळ्यात सूर्य पावणेसात-सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा साडेसातला निघून दहापर्यंत परता. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सागाच्या रानात त्याआधीच अंधारतं, म्हणून संध्याकाळी साडेचारलाच वळा. एप्रिलमध्ये उजाडल्यावर लगेच निघा आणि साडेआठच्या आत सावलीत या. जितका वेळ हाताशी आहे त्याच्या एक तृतीयांशात परत फिरायचं, हा हिशेब ठेवला तर घाई होत नाही.

अंधारात वावरातून जवळची वाट काढू नका. रानडुकरांपासून पीक राखायला काही जण कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतात. ते बेकायदा आहे आणि त्यात माणसंही दगावली आहेत. झटका मशीनची तार वेगळी, ती थांबून थांबून झटका देते. पण अंधारात दोन्ही तारा सारख्याच दिसतात, म्हणून कोणत्याच तारेला हात लावू नका.

७. सोबत काय घ्यायचं?

दोन तासांच्या फेरीला हिवाळ्यात एक लिटर पाणी, मार्चपासून दोन लिटर. अर्ध्या दिवसासाठी उन्हाळ्याच्या तोंडावर तीन-चार लिटर. नाल्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी पिऊ नका. वर गुरं बसलेली असतात. फुटाणे-गूळ किंवा शेंगदाणे-गूळ, सुती दुपट्टा, शिट्टी, छोटी बॅटरी, एक काठी, आणि ओआरएसची दोन पाकिटं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने जास्त टाकलं तर फायद्याऐवजी अपाय होतो. घरी एकाला कुठे जातोय आणि कधी येणार ते सांगून निघा.

८. पायात काय घालावं? चप्पल चालते का?

तलावाच्या पाळीवर चालते, रानात नाही. बाभळीचा काटा पातळ तळव्यातून आरपार येतो. घोटा झाकणारा, जाड तळव्याचा कॅनव्हासचा बूट पुरतो, महागाचा लागत नाही. नवा बूट आधी आठवडाभर घरात-गावात घाला.

पाऊस थांबल्यावर कुसळी गवत पिकलं की खरी कटकट सुरू होते. कुसळाचं टोक मोज्यात शिरतं आणि चालताना फिरत फिरत कातडीपर्यंत जातं. लोकरी किंवा सैल विणीचे मोजे त्यासाठी सगळ्यात वाईट. गुळगुळीत कापडाची पॅंट मोज्यावरून खाली ओढून दोरीने बांधा. खाजकुइलीच्या शेंगेची लव लागली तर चोळू नका, चोळल्याने ती पसरते. चिकटपट्टीने उचला, मग भरपूर पाण्याने धुवा आणि कपडे वेगळे धुवा.

९. आमच्या भागात वाघ आहे. फिरायचं की नाही?

चंद्रपूर, गडचिरोली, आणि भंडारा-गोंदिया-नागपूरच्या जंगलालगतच्या गावांत हा प्रश्न जगण्या-मरण्याचा आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, चिमूर या पट्ट्यात जंगलात पायी फिरणं मनःशांतीसाठी करूच नये. तिथे गावाचा मोकळा रस्ता, तलावाची पाळ, देवळाचं आवार एवढ्यावर भागवा, आणि ऊन चांगलं वर आल्यावरच निघा. मनात भीती असेल तर शांतता मिळत नाही, आणि इथली भीती खरी आहे.

इतर ठिकाणीही आधी वनरक्षकाला किंवा गुराख्याला विचारा: आठवड्यात पगमार्क दिसले का, गाय-बैल मारला गेला का. ‘हो’ आलं तर ती वाट काही दिवस सोडा. झुडपात वाकून किंवा उकिडवं बसू नका. मोहफूल, तेंदूपत्ता, सरपण गोळा करताना किंवा गुरं राखताना हल्ले होतात, त्याचं एक कारण वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो हे मानलं जातं. म्हणून प्रश्न ४ मधली बैठक अशा भागात उघड्या जागी, दोघांनी पाठीला पाठ लावून करावी, किंवा टाळावी.

वाघ समोर आलाच तर पळू नका, पाठ फिरवू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून, हात वर करून, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरका. वन विभागाची हेल्पलाइन १९२६.

१०. अस्वलाचं काय? रानडुक्कर?

पुष्कळ जाणत्यांना वाघापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त असते, कारण ते अचानक जवळून भेटतं. त्याची नजर कमी, नाक तीक्ष्ण. वारुळं उकरत असताना त्याला तुमची चाहूल लागत नाही. वळणावर आणि दाट झुडपात मोठ्याने बोलत चाला, काठी आपटा. झाडावर चढून उपयोग नाही, अस्वल चढतं. पिल्लं दिसली तर आलेल्या वाटेनेच मागे फिरा. रानडुक्कर बहुधा पळतं, पण जखमी किंवा पिल्लांसोबतचं असेल तर अंगावर येतं. गडचिरोलीच्या छत्तीसगड सीमेकडच्या भागात २०२१ पासून रानटी हत्तींचाही वावर आहे. तिथे गावात दवंडी झाली असेल तर त्या दिशेला जाऊच नका.

११. जंगलात जायला परवानगी लागते का?

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात लागते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे परवानगीशिवाय आत जाणं गुन्हा आहे. ताडोबा, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, बोर या व्याघ्र प्रकल्पांत आपल्या मनाने पायी हिंडता येत नाही. जिथे निसर्गवाट ठरवून दिली आहे तिथे वाटाड्यासोबत जाता येतं. चौकशी गेटवर करा, नियम हंगामाप्रमाणे बदलतात. इतर राखीव जंगलात वन परिक्षेत्र कार्यालयात सांगून जावं. गायरान, पांदण, गावतलाव यांना परवानगी लागत नाही. कुठल्याही जंगलात विस्तव नेऊ नका. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ, आणि वाळलेल्या सागाच्या पानांवर पडलेली एक विडी पुरते.

१२. सापाची भीती वाटते. चावला तर काय करायचं?

नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चार मुख्य धोकादायक. पाय टाकण्याआधी जागा पाहा, दगडाखाली हात घालू नका, ओंडका ओलांडायचा असेल तर आधी त्यावर चढून पलीकडे बघा.

चावला तर अंगठी, कडं, पैंजण आधी काढा, सूज येते. चावलेला हात-पाय लाकडाची फळी लावून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका. घट्ट दोरी बांधणं, चिरा देणं, तोंडाने ओढणं, बर्फ, मांत्रिक, हे सगळं टाळा. घट्ट दोरीने तो अवयव गमावायची वेळ येते. दंशाची वेळ लक्षात ठेवा, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या. साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका. मण्यार चावल्यावर खूण आणि वेदना नसल्यासारख्याच असतात. मुक्कामी झोपेतून उठून पोटात दुखू लागलं, पापण्या जड झाल्या तर तेवढ्यावरही दवाखाना गाठा.

१३. आग्यामोहोळ उठलं तर?

किल्ल्याच्या भिंती, कडे, उंच अर्जुन आणि वडावर ती पोळी असतात. खाली धूर, अत्तर, आरडाओरडा नको. उठलंच तर डोकं-तोंड दुपट्ट्याने झाकून सरळ लांब पळा, दाट झुडपात किंवा बंद गाडीत शिरा. हात हलवून हाकलू नका. पाण्यात उडी मारली तर माश्या वर घोंघावत थांबतात. काटे नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढा. ओठ-जीभ सुजली, दम लागला तर ताबडतोब दवाखाना.

१४. पावसाळ्यात फिरावं का?

फिरावं, पण काळ्या मातीच्या पांदणीवर नाही. दहा पावलांत बुटाला एवढा चिखल चिकटतो की पाय उचलत नाही. मुरमाड टेकडी किंवा डांबरी रस्त्याची कड बरी. नाल्याला पाणी गढूळ होऊन काड्या-पाला वाहू लागला की वर पाऊस झाला आहे असं समजा आणि ओलांडू नका, गुडघाभर वाटलं तरी.

विजेचं भय विदर्भात मोठं आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर लगेच पक्क्या घरात किंवा बंद चारचाकीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. एकट्या झाडाखाली कधीच थांबू नका. निवारा नसेल तर दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे होऊ नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेची सूचना देतं.

१५. फिरून आल्यावर काही दिवसांनी ताप आला. घाबरायचं का?

अंगावर काढू नका. उंच गवतातल्या माइट नावाच्या बारीक किड्याच्या अळीमुळे स्क्रब टायफस हा ताप होतो. २०१८ साली नागपूर भागात त्याचे बरेच रुग्ण आढळले होते. काखेत, जांघेत, कमरेशी न दुखणारी काळी खपली दिसते का पाहा आणि ‘गवतात गेलो होतो’ हे डॉक्टरांना सांगा. वेळेत कळलं तर उपचार सोपा आहे. गडचिरोलीकडून आला असाल तर मलेरियाची तपासणीही करून घ्या. पावसाळ्यात आणि नंतर गवतात बसू-लोळू नका, घरी येताच साबणाने आंघोळ करा आणि कपडे धुवायला टाका.

१६. बाई माणसाने एकटीने जावं का? लोक नावं ठेवतात.

चालण्याचा हक्क सगळ्यांचा. व्यवहारात दोघी-तिघींनी एक वेळ ठरवून घेणं सोपं पडतं. गावात ‘या बाया सकाळी पाळीवर जातात’ हे एकदा रुळलं की पंधरा दिवसांत कोणी विचारत नाही. पण सोबत गेलात की गप्पा सुरू होतात आणि घरचं सगळं तिथेही येतं. म्हणून जाताना गप्प, येताना गप्पा, असं ठरवा. एकटीने जायचं तर रस्ता, देऊळ किंवा शाळा नजरेत राहील अशी जागा निवडा. अडचण आली तर ११२.

१७. गुडघे दुखतात, साखर आहे. जमेल का?

सपाट पाळीवर जमतं. उतारापेक्षा चढ गुडघ्याला सोपा असतो, म्हणून टेकडी टाळा किंवा उतरताना काठी घ्या. साखरेचं औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये, खिशात गूळ-साखर ठेवावी आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत. काटा लागलेला कळत नाही. छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टर.

१८. सुट्टीत एक दिवस लांब जायचं तर कुठे?

चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, आणि तिथून गाविलगड जवळ. १८०३ सालच्या लढाईतला हा किल्ला आत इतका पसरलेला आहे की अर्धा दिवस कमी पडतो. अकोल्याकडच्यांना नरनाळा किल्ला, बुलढाण्याकडच्यांना लोणार. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, त्यामुळे कडेने पूर्ण फेरी साधारण सहा किलोमीटर भरते. रामटेकची टेकडी पायऱ्यांची, म्हाताऱ्या माणसांनाही झेपते, फक्त माकडांसमोर पिशवी उघडू नका. ही ठिकाणं सोमवार ते शुक्रवारमध्ये गाठा. मेळघाटात बऱ्याच भागात फोन लागत नाही, नकाशा आधी उतरवून घ्या.

१९. मन फार खचलेलं असतं. फिरल्याने बरं होईल का? गोळ्या बंद करू का?

गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. काही गोळ्या एकदम सोडल्याने त्रास वाढतो. चालणं उपचाराच्या सोबतीला चांगलं, त्याच्या जागी नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेलेली असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल तर आज कोणाशी तरी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक १४४१६, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. असं वाटत असताना एकट्याने विहीर, तलाव किंवा कड्याकडे फिरायला जाऊ नका. घरचा माणूस सोबत घ्या आणि रस्त्याने चाला.

२०. मोहफुलाच्या दिवसात आणि नवतपात काय करायचं?

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पहाटेपासून गळतात. एक उचलून पाहा: फिकट पिवळसर, मांसल, आतून पोकळ, दाबलं की चिकट गोड रस. एकच उचला. कोणतं झाड कोणाच्या घरचं हे गावात ठरलेलं असतं आणि त्या फुलांवर घराचे चार पैसे चालतात. वेचणाऱ्या बाईचा न विचारता फोटो काढू नका. अस्वलालाही मोह आवडतो, म्हणून सूर्य वर आल्याशिवाय त्या झाडांकडे जाऊ नका.

मे अखेरीच्या नवतपात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा रानात जाणं बंद. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागायचं टळत नाही. घाम थांबून अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं तर सावलीत न्या, ओल्या कापडाने पुसत वारा घाला, १०८ बोलवा आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. त्या दिवसांत पहाटे साडेपाच ते सात अंगणातल्या कडुनिंबाखाली बसून प्रश्न ४ मधला आवाजांचा क्रम करा. झाडाखाली मातीच्या परातीत पाणी ठेवा, परात उथळ हवी, मधे एक दगड, आणि पाणी रोज बदला. बुलबुल आणि साळुंक्या त्यावर येतात.